कमी धावलेल्या गाडीचे दप्तर

चाकोरीबाहेर : सारथी

जुन्या मोटारींच्या बाजारात एक वाक्य असे आहे की, ज्याच्या बळावर विक्रेता निःसंकोचपणे काही लाख अधिक मागतो आणि खरेदीदारही ते संतोषाने मोजतो : ‘एकहाती गाडी, फारशी धावलेलीच नाही.’ जिची निर्मिती केवळ वेगाने धावण्याच्या उद्देशाने झाली, तिच्या न धावण्याला सद्गुण मानावे, ही कल्पना मला नेहमीच चमत्कारिक वाटत आली आहे. घरगुती वापराच्या मोटारीत किलोमीटरचा आकडा झिजेचे बऱ्यापैकी माप देतो, हे खरे. परंतु शीघ्रगती मोटारीची प्रकृती ती किती धावली यापेक्षा कशी धावली, आणि धावत नव्हती तेव्हा कशी पडून होती, यावर अवलंबून असते, आणि तो वृत्तान्त डॅशबोर्डवरचा आकडा सांगत नाही.

उदाहरणादाखल पोर्शे ९११ घेऊ. १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ‘९०१’ म्हणून अवतरलेल्या आणि मधल्या शून्यावर प्यूजो कंपनीने हक्क सांगितल्यामुळे नामांतर करावे लागलेल्या या गाडीच्या प्रत्येक पिढीचे दोष जाणकारांनी इतके बारकाईने नोंदले आहेत की, खरेदीदाराला अज्ञानाची सबब उरत नाही. हवेने थंड होणाऱ्या इंजिनांची परंपरा १९९८ च्या सुमारास संपली आणि पाण्याने थंड होणारी, ‘९९६’ या अंतर्गत क्रमांकाची पिढी आली. तिच्या साध्या कॅरेरा गाड्यांच्या इंजिनात एक मधला दांडा आहे. त्याच्या टोकाला मुठीत मावेल एवढे एक बेअरिंग असते, आणि ते फुटले की संपूर्ण इंजिन निकामी होते. मूळ रचनेत हे बेअरिंग स्वतःच्या ग्रीससह बंदिस्त होते. कालांतराने इंजिनातील तेल आत झिरपते, ग्रीस धुऊन निघते आणि पोलादी गोळ्या चरू लागतात. गाडी नियमाने चालविणाऱ्यांपेक्षा ती झाकून ठेवणाऱ्यांकडे ही विपत्ती अधिक आढळते, असे या यंत्रांवर वर्षानुवर्षे हात चालविणाऱ्या मिस्त्र्यांचे मत आहे, आणि मला ते ग्राह्य वाटते. कारण महिनोन्महिने न बदललेले, ओलावा शोषलेले तेल कोणत्याही बेअरिंगचे हित करीत नाही.

तेव्हा अशी गाडी पाहताना पहिला प्रश्न असा असावा की, क्लच केव्हा बदलला आणि त्याच वेळी हे बेअरिंग बदलले काय. कारण दोन्ही कामांसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि शहाणा मालक ती संधी वाया जाऊ देत नाही. बदलले असल्यास बिल पाहावे, तोंडी ग्वाही घेऊ नये. बदलले नसल्यास ऑइल फिल्टर उघडून त्यात धातूचे कण चकाकतात काय, ते पाहावे. २००६ ते २००८ च्या सुमाराच्या गाड्यांत हे बेअरिंग आकाराने मोठे आणि अधिक टिकाऊ झाले, पण इंजिन दुभंगल्याशिवाय ते बाहेर निघत नाही. २००९ पासूनच्या कॅरेरांत हा दांडाच काढून टाकण्यात आला. त्या काळच्या टर्बो व जीटी३ या प्रकारांना पोर्शेचे इंजिन-रचनाकार हान्स मेट्झगर यांच्या परंपरेतले वेगळे इंजिन असल्यामुळे त्यांना या व्याधीची बाधा नव्हती. मात्र महाग प्रकार म्हणजे निर्दोष प्रकार, असा निष्कर्षही कोणी काढू नये : २०१४ साली कंपनीने नव्या जीटी३ च्या ७८५ मालकांना गाडी चालवू नका असे कळविले आणि त्या सर्व गाड्यांची इंजिने बदलून दिली. त्या तुकडीतली गाडी समोर आल्यास इंजिनबदलाचा दाखला मागणे क्रमप्राप्तच आहे.

परंतु मला सर्वाधिक मौज वाटते ती या गाडीच्या स्वलिखित दप्तराची. गिअर हाताने टाकावयाच्या गाडीत पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला, तर चाकेच इंजिनाला फिरवू लागतात, आणि इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा राखणारी यंत्रणा इंधन तोडण्यापलीकडे काही करू शकत नसल्यामुळे ते बिचारे मर्यादेच्या कितीतरी वर फेकले जाते. व्हॉल्व्ह वाकण्यास असा एक क्षण पुरतो. ही आगळीक मालक विसरतो, क्वचित लपवतो. गाडीचा संगणक मात्र ती लिहून ठेवतो. २००५ च्या सुमाराच्या ‘९९७’ पिढीपासून मर्यादेबाहेरच्या फेऱ्यांची सहा श्रेणींत नोंद होते आणि त्या श्रेणीतला शेवटचा प्रसंग इंजिनाच्या कितव्या तासाला घडला, तेही कळते. खालच्या श्रेणींतले आकडे पाहून दचकू नये. ते प्रज्वलनांचे असतात, आणि मिनिटाला आठ हजार फेऱ्यांवर सहा सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला चारशे प्रज्वलने होत असल्याने दोन हजारांचा आकडा म्हणजे उणीपुरी पाच सेकंदे. वरच्या तीन श्रेणींत मात्र काही आढळले, आणि तेही अलीकडच्या तासांतले, तर नमस्कार करून उठावे.

याच दप्तरात इंजिन एकूण किती तास चालले, हे असते. किलोमीटरांना तासांनी भागावे : तीस हजार किलोमीटर आणि हजार तास, म्हणजे सरासरी ताशी तीस, हे मुंबई-पुण्याच्या रहदारीत स्वाभाविक आहे, पण बारा हजार किलोमीटर आणि दोन हजार तास असा हिशेब निघाला, तर गाडी ताशी सहाच्या गतीने, म्हणजे लग्नाच्या वरातीत, चालविली गेली असे तरी मानावे लागेल किंवा आकडा मागे फिरविला असे तरी. ही नोंद वाचण्याचे उपकरण अधिकृत सेवाकेंद्राकडे व काही खासगी गॅरेजांकडे असते. वाचण्यास विक्रेत्याने हरकत घेतली, तर पुढील तपासणीचा खर्च वाचला म्हणून त्याचे आभार मानावेत.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. इंजिन थंड असतानाच सुरू करून ऐकावे. आपण पोहोचण्यापूर्वीच ते ‘तापवून ठेवले’ असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी न कळविता जावे. एकाच बाजूच्या धुराड्यावर काजळी धरली असेल आणि टकटक ऐकू येत असेल, तर सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे आहेत काय, हे बारीक कॅमेरा आत घालून पाहून घ्यावे. टायरवरच्या चार अंकांत निर्मितीचा आठवडा आणि वर्ष असते. दहा वर्षांपूर्वीचे टायर नक्षी शाबूत असली तरी निरुपयोगीच. सिरॅमिक ब्रेकच्या तबकड्यांच्या कडा उडाल्या आहेत का, हे हात फिरवून पाहावे. त्यांच्या किमतीत एक साधी मोटार येते.

पुराचे पाणी हा आपल्याकडचा खास विषय आहे. २६ जुलै २००५ ची मुंबई किंवा २०१५ च्या डिसेंबरातले चेन्नई ज्यांनी पाहिले, त्यांना तळघरातल्या वाहनतळांचे काय झाले, हे सांगावयास नको. अशा गाड्या वाळवून, चकाकवून दूरच्या शहरांत विकल्या जातात. गालिच्याखालचा चिखल, आसनांच्या रुळांवरचा गंज आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर दिसणारी पाण्याची रेघ ही तिन्ही कसून तपासावीत. बॉक्स्टर या धाकट्या भावंडात तर एक महत्त्वाचा नियंत्रक आसनाखालीच असतो आणि थोड्या पाण्यानेही तो दगावतो.

यंत्र निर्दोष ठरले, तरी कागदांचा पेच उरतोच. पुदुच्चेरीत कर कमी, म्हणून तिथल्या पत्त्यावर नोंदविलेल्या किमती गाड्या महाराष्ट्रात सर्रास फिरतात. मोटार वाहन कायद्याप्रमाणे बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीला तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि इथला कर भरण्याची जबाबदारी शेवटच्या खरेदीदाराच्या गळ्यात पडते. तेव्हा ती रक्कम किमतीतून वजा करूनच बोलणी करावी. वित्तसंस्थेचा बोजा असल्यास तो उतरल्याचा नमुना ३५, परराज्यातली गाडी असल्यास नमुना २८ वरील नाहरकत दाखला, आणि आयात गाडी असल्यास सीमाशुल्क भरल्याची बिल ऑफ एंट्री, हे कागद हाती घेऊन त्यांवरील चासी व इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. हस्तांतरणाचे नमुने २९ व ३० सही करून दलालाकडे सोडून देण्याची चाल आहे, ती विक्रेत्यालाही घातक आहे. कारण दप्तरी ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अपघात-भरपाईच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. हा निर्णय विक्रेत्याच्या कानी घातल्यास परिवहन कार्यालयात बरोबर यावयास तो सहसा तयार होतो. अखेरचा हप्ता त्या दिवसापर्यंत आपल्याच खात्यात राहू द्यावा.