‘खिडकी उघडी ठेवा’ म्हणे!

काश्मीर-हिमाचलात बदली झालेल्या रेल्वे वा टपाल कामगाराला ऊब हवी, यात वाद नाही. वाद आहे तो सिलिंडरचा हीटर खोलीत ढकलून ‘खिडकी उघडी ठेवा’ असे बजावणाऱ्या वृत्तीशी. बाहेर बर्फ पडत असताना रात्रपाळीला खिडकी उघडी कोण ठेवील? आणि माणूस दगावला की दोष खिडकी लावणाऱ्याचा!

ही नुसती भीती नव्हे. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन येथे हॉटेलच्या एकाच खोलीत झोपलेले केरळचे ८ पर्यटक गेले. त्यांत ४ मुले. गॅस हीटर चालू, दारे-खिडक्या बंद. गॅस गळला तर वास येतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. अपुऱ्या हवेत गॅस जळताना होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक जोराने चिकटतो. डोके जड होते, झापड येते, मग उठवत नाही.

उपाय जुनाच आहे. ज्योत बंद पेटीत जळावी, धूर धुराड्याने इमारतीबाहेर जावा, आणि पेटीच्या पत्र्यावरून तापलेली स्वच्छ हवाच पंख्याने खोलीत यावी. जळणासाठी बाहेरची हवा हवी, ज्योत विझताच गॅस तोडणारी कळ हवी. सिलिंडर बाहेर, हा गॅस हवेहून जड, जमिनीलगत साचतो. दर हिवाळ्याआधी पेटीला तडा, धुराड्यात अडथळा आहे का ते पाहावे. हे काम जाणकार फिटरचे, कंत्राटदाराने धाडलेल्या पोऱ्याचे नव्हे.

खर्च जास्त येतो म्हणता? साहेबांच्या केबिनसाठी तो कसा निघतो?

शाखांनी आपल्या हद्दीतील बिनधुराड्याच्या हीटरांची यादी थंडीपूर्वी प्रशासनाला द्यावी, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये.