सूचना लावायची तर सगळ्यांना लावा

1990 साली दूरदर्शनवर 'द स्वॉर्ड ऑफ टिपू सुलतान' सुरू झाली, तेव्हा मनमाडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आमच्या घरी टीव्ही नव्हता. आम्ही भावंडे शेजारच्या काकांकडे सतरंजीवर बसून ती बघायचो. प्रत्येक भागाआधी पडद्यावर सूचना यायची : ही मालिका कादंबरीवर आधारलेली आहे, काल्पनिक आहे, तिला इतिहास मानू नये. काका म्हणाले, "बघा, सरकारच सांगतंय, सगळं खोटं आहे." अब्बा गप्प राहिले.

त्याच काकांच्या कपाटात रणजित देसाईंची 'स्वामी' होती. 1962 सालची ही कादंबरी, पुढे तिच्यावरही दूरदर्शनवर मालिका झाली. थोरले माधवराव आणि रमाबाई बोलतात ते संवाद काकांना पाठ होते. ते संवाद देसाईंनी रचले आहेत, हे त्यांना कधी सुचले नाही. तो त्यांच्यासाठी इतिहासच होता.

माझे भांडण सूचनेशी नाही. ती खरीच होती. भगवान गिडवानी या सिंधी लेखकाने 1976 साली इंग्रजीत लिहिली ती कादंबरीच. संजय खानचा टिपू निष्कलंक आहे; कूर्ग, मलबार आणि मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांनी सोसलेला टिपू त्यात दिसत नाही. आपल्यातले किती जण ही गोष्ट मोकळेपणाने कबूल करतात? तलवार आपल्या नावाच्या माणसाच्या हातात दिसली की आपणही टाळ्या पिटतो. पण 1791 साली पेशव्यांच्या बाजूच्या फौजेने शृंगेरीचा मठ लुटला आणि टिपूने मठाला मदत पाठवली, त्याची कन्नड पत्रे उपलब्ध आहेत. तो इतिहास आहे, कल्पना नव्हे. आणि हा प्रसंग मराठी वाचकाला कुणी सांगितला?

भांडण आहे ते दोन मापांशी. एकाची कादंबरी म्हणजे बनावट आणि दुसऱ्याची कादंबरी म्हणजे बखर, हा कुठला न्याय? मालिकेतला सुरमा घातलेला, दात-ओठ खाणारा खान बघून उठलेला मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत बाकावर शेजारी बसणाऱ्या मुसलमान मुलाकडे तीनशे वर्षांचा हिशोब मागतो. त्या मुलाचे आजोबा याच मनमाडच्या यार्डात राबले, तो स्वतः मराठी माध्यमात शिकतो. पण पडद्यावर त्याच्यासारखे दिसणारे कुणी धड मराठी बोलत नाही. कादंबरीच्या पहिल्या पानावर 'काल्पनिक' छापून हे दुखणे बरे होत नाही.

मग आपण काय केले? त्याच 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आपण कविता लिहिल्या, आत्मकथने लिहिली, निवेदने दिली. पण पानिपतावर मराठ्यांच्या तोफा सांभाळणारा, पकडला जाऊन मारला गेलेला इब्राहिमखान गारदी आपल्यातल्या किती जणांनी कादंबरीत उभा केला? शिवाजी महाराजांच्या आरमाराचा दौलतखान कुणाची वाट बघत बसला आहे?

दुसऱ्यांनी आपले चांगले चित्र काढावे, ही मागणी आता पुरे. लेखणी आपल्याही हातात आहे आणि भाषा आपली आहे. आपण लिहू तेव्हा आपल्या नायकाचे डागही लिहू. वर 'ही कादंबरी आहे' अशी सूचना खुशाल लावा. फक्त तीच पाटी शेजारच्या कपाटातल्या पुस्तकांवरही लावा.