डोक्यावरचे ओझे मोजले, मानेचे काय?

माझी आई बिगारी होती. तीस वर्षे तिने घमेली वाहिली. जुन्या लुगड्याच्या तुकड्याची चुंबळ, त्यावर ओल्या काँक्रीटचे घमेले आणि परांचीच्या फळीवरून वरचा मजला. आज तिच्या डाव्या हाताला रात्री मुंग्या येतात, पीठ मळताना बोटांची पकड सुटते. हजेरीच्या वहीत तीसही वर्षे तिच्या नावापुढे एकच शब्द लिहिला जात होता : अकुशल.

मी फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला असताना वर्गात पडद्यावर एक फोटो आला. आफ्रिकेतल्या केनिया देशातली बाई, डोक्यावर मोठे ओझे, मान ताठ. सर म्हणाले, "या बायकांना एवढे ओझे जवळजवळ फुकट पडते. शास्त्राने सिद्ध केले आहे." मी हात वर करून विचारले, "सर, त्यांची मान दुखते का, हे कुणी विचारले का?" वर्गात हसू पिकले. सर म्हणाले, "तो या अभ्यासाचा विषय नाही." सर खोटे बोलले नव्हते. तो अभ्यासाचा विषय नव्हताच. पण विषय काय असावा हे कोण ठरवते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला आहे. आज तो वाचकांपुढे ठेवते.

आधी अभ्यास काय होता ते नीट समजून घेऊ. माणूस आणि प्राणी चालतात, पळतात, उड्या मारतात तेव्हा त्यांचे स्नायू, हाडे, श्वास कसे काम करतात, हे मोजणारे एक शास्त्र आहे. अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठात रिचर्ड टेलर नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उंदीर, कुत्रा, माणूस आणि घोडा यांच्या पाठीवर वजन बांधून त्यांना फिरत्या पट्ट्यावर पळवले आणि श्वासातून किती प्राणवायू खर्च होतो ते मोजले. १९८० साली त्यांनी निष्कर्ष छापला. शरीराच्या वजनाच्या दहा टक्के ओझे वाढवले की खर्चही दहा टक्के वाढतो. उंदीर असो की घोडा, हिशेब तोच. फुकट काही नाही.

मग हीच मोजणी केनियात लुओ आणि किकुयू समाजाच्या बायकांवर झाली. लुओ बायका ओझे डोक्यावर तोलून नेतात. किकुयू बायका कपाळावरून पट्टा घेऊन पाठीवर नेतात. १९८६ साली 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात तो निबंध आला. त्यात पहिले नाव केनियाचेच शास्त्रज्ञ मालॉय यांचे होते, ही गोष्ट मला आवडते. निष्कर्ष चकित करणारा होता. शरीराच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत ओझे घेतले तरी या बायकांचा प्राणवायूचा खर्च वाढलाच नाही. त्यापुढे वाढला, पण पाठीवर पिशवी घेतलेल्या सैनिकांपेक्षा कमी.

हे कसे जमते याचा शोध १९९५ साली नॉर्मन हेग्लंड आणि सहकाऱ्यांनी घेतला. आपण चालतो तेव्हा शरीर एका ताठ पायावरून कमानीसारखे वर चढते आणि पलीकडे उतरते. वर चढताना वेग कमी होतो, उतरताना वाढतो. झोक्यासारखेच. झोका वर जाताना जी ताकद साठते ती खाली येताना परत मिळते, तशी चालताना प्रत्येक पावलाला बरीचशी ताकद परत मिळते. पूर्ण मात्र मिळत नाही, उरलेली स्नायूंना घालावी लागते. या बायका ओझे घेतल्यावर ही परतफेड अधिक चांगली करून घेत होत्या. युरोपातल्या लोकांना ते जमत नव्हते. म्हणजे ही जादू नव्हे आणि 'त्यांची हाडेच तशी' असेही नव्हे. लहानपणापासून घोटलेले ते चालण्याचे कौशल्य आहे.

मला या शास्त्राचा राग नाही. उलट, माझ्या आईच्या चालीत इतके गणित असू शकते हे मला त्यानेच शिकवले. आमच्या वस्तीत सकाळी पाणी येते तेव्हा बायका अरुंद बोळातून हंडा घेऊन निघतात. खांदे हलत नाहीत, पाणी सांडत नाही. हे आता मी वेगळ्या डोळ्यांनी पाहते.

माझी तक्रार दुसरी आहे.

एक तर तुलना कुणाशी झाली ते पाहा. ओझे वाहण्याचे शास्त्र बरेचसे सैन्याच्या प्रयोगशाळांत वाढले आहे. ओझे घेऊन चालण्याचा खर्च काढायचे जे प्रसिद्ध सूत्र आजही वापरतात, ते १९७७ साली अमेरिकी लष्कराच्या संशोधन संस्थेत तयार झाले. सैनिक थकला तर लढाई हरेल, म्हणून त्याचे ओझे मोजायला पैसा मिळाला. बाई थकली तर कुणाचे काय अडते? ती दुसऱ्या दिवशी येतेच. म्हणून शास्त्राने विचारले, ताकद किती खर्च होते? दुखते का, हे विचारायला फार उशीर झाला.

दुसरे म्हणजे बातमी कुठपर्यंत पोचते. २०१० साली लॉइड आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या झोसा समाजाच्या बायकांना डोक्यावर आणि पाठीवर, दोन्ही तऱ्हेने ओझे देऊन मोजले. डोक्यावरचे ओझे स्वस्त पडते असे आढळले नाही. बाई बाईत फरक मात्र पुष्कळ होता. एखादीला सोपे जात होते, दुसरीला जड. त्याच गटाने बायकांना त्रासाबद्दलही विचारले, तेव्हा डोक्यावरच्या ओझ्याने मान त्रास देते हे पुढे आले. हा निबंध दक्षिण आफ्रिकेच्या नियतकालिकात छापला गेला. चकित करणारा निष्कर्ष 'नेचर'मध्ये जातो, जगभरच्या वर्गांत पडद्यावर येतो. 'तसे सरसकट नाही' म्हणणारा निबंध मागच्या कपाटात राहतो. आमच्या सरांनी मुद्दाम लपवले नाही. त्यांच्यापर्यंत ते आलेच नसावे. विद्यापीठांत बढती, निधी, नाव सगळे नव्या आणि झळकणाऱ्या गोष्टीला मिळते. जुने पुन्हा तपासणाऱ्याला कुणी हार घालत नाही.

नेपाळच्या हमालांचेही असेच. २००५ साली बास्तियाँ आणि हेग्लंड यांच्या गटाने नामचे बाजारच्या वाटेवर त्यांचे वजन आणि ओझे मोजले. पुरुषांचे ओझे सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९० टक्क्यांवर, बायकांचे ६६ टक्के. हे ओझे कपाळाच्या पट्ट्यावर, कित्येक दिवस, चढावर. खर्चाच्या बाबतीत ते जगात सर्वांत काटकसरी ठरले. ते सावकाश चालतात आणि थोड्या थोड्या अंतरावर काठीवर ओझे टेकवून दम खातात. बिगाऱ्याला साइटवर असा दम खाऊ दिला, तर मुकादम काय म्हणेल ते सांगायला नको.

आता वर्गातल्या त्या 'फुकट' शब्दाकडे पुन्हा येऊ, कारण त्यातला धोका आपल्या घरातला आहे. ४५ किलो वजनाच्या बाईचे २० टक्के म्हणजे ९ किलो. लहान कळशी भरली की एवढे होते. १५ लिटरच्या हंड्यात नुसते पाणीच १५ किलो, भांड्याचे वजन वेगळे. त्यावर कळशी ठेवली की आकडा २५ च्या आसपास जातो, म्हणजे निम्म्याहून जास्त वजन. आणि ते ९ किलोसुद्धा 'सुरक्षित' असे कुणी म्हटलेले नाही. प्राणवायूचा खर्च न वाढणे वेगळे आणि मानेचे मणके न झिजणे वेगळे. फुप्फुसाला जे कळत नाही ते मणक्यांच्या मधल्या चकतीला कळते.

कुशल-अकुशलचा प्रश्नही इथेच येतो. किमान वेतनाच्या तक्त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे रकाने आहेत. गवंडी कुशल, आणि त्याच्या हाताशी माल पोचवणारी बाई अकुशल. युरोपातल्या धडधाकट माणसांना जी चाल जमली नाही, आणि जिच्यावर 'नेचर'मध्ये निबंध येतात, ती अंगी बाणलेली बाई अकुशल कशी? समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला होता. हा प्रश्न संघटनांनी मजुरीच्या बोलणीत उचलला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विचारणारा बदलला की शास्त्र बदलते, याचे आपल्याच देशातले उदाहरण जयपूर फूट आहे. परदेशी कृत्रिम पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी बनत. आपल्याकडचा माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, चिखलात अनवाणी चालतो. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी यांच्यासोबत रामचंद्र शर्मा या कारागिराने रबराचा, सगळीकडे वळणारा पाय घडवला. शर्मा कुठल्या मेडिकल कॉलेजात शिकलेले नव्हते. १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार डॉक्टरांना मिळाला. डॉक्टर मोठेच होते, त्यात वाद नाही. पण रामचंद्रांचे नाव आपल्यातल्या कितीजणांनी ऐकले आहे?

म्हणून आपली मुले-मुली या शाखांत गेली पाहिजेत, नुसती नोकरीसाठी नव्हे. वर्गात हसू होईल. हात वर ठेवावा.

घरात मात्र आजच काही करता येईल. एका मोठ्या हंड्यापेक्षा दोन लहान फेऱ्या बऱ्या. वेळ जातो हे खरे, पण पाणी भरायला घरातल्या पुरुषांना आणि मोठ्या मुलग्यांनाही हात आहेत. वाढत्या वयाच्या मुलीच्या डोक्यावर भरलेला हंडा देऊ नये. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर जड उचलू नये, अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. हाताला मुंग्या, बोटांत बधिरपणा, वस्तू हातातून सुटणे, चालताना तोल जाणे यांपैकी काही असेल तर मानेला मालीश करून वेळ काढू नका. सरकारी रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि काय काम करता, किती वर्षे ओझे वाहिले, हे न विचारता सांगा. केसपेपरवर ते लिहून घ्या. आईच्या कुठल्याच केसपेपरवर ते नव्हते. 'मानदुखी, वय ५८' एवढेच होते.

दर रविवारी संध्याकाळी सहा ते आठ मी आमच्या विहारात बसते. एक वही ठेवली आहे. काम कोणते, ओझे काय, किती वर्षे, कुठे दुखते, एवढे चार रकाने. सध्या ४१ नावे झाली आहेत, त्यांत तीन हमाल पुरुष. ज्यांना आपल्या वस्तीत अशी वही सुरू करायची आहे, त्यांनी संपादकांकडे निरोप ठेवावा, रकाने कसे आखायचे ते मी येऊन दाखवीन.