सवलत पाहुण्याला, नौकेला नव्हे

लोणावळ्यातून समुद्र दिसत नाही. तरीही नौदलाचे अभियंते घडविणारी ‘आयएनएस शिवाजी’ १९४५ पासून याच डोंगरात उभी आहे आणि कोकणच्या बंदरांतून देशावर चढणाऱ्या मालावर लोहगड-राजमाचीने शतकानुशतके पहारा केला आहे. तेव्हा विदेशातून येणाऱ्या खासगी क्रीडानौकांना बंदरशुल्क व सीमाशुल्क माफ करावे काय, हा प्रश्न मावळकराला परका वाटण्याचे कारण नाही.

सीमाशुल्काच्या माफीचा आग्रह अगदीच अनाठायी नाही. २००९-१० मध्ये नौदलाचे दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केप टाउन येथे ते थांबले. ती नौका नौदलाची होती. पण खासगी दर्यावर्दीकडे प्रत्येक बंदराने नौकेच्या किमतीवर आयातकर मागितला, तर कोण कशाला शीड उभारील? पाहुण्याची नौका हा विक्रीचा माल नव्हे. ती आली तशी जाणार असते.

पण ती खरोखर जाते का, हे पाहणारा कोणी हवा. युरोपीय संघ अशा नौकेला १८ महिन्यांची करमुक्त मुदत देतो. मात्र नौका आणणारा संघाबाहेरचा रहिवासी असावा लागतो. मर्म आहे ते या अटीत. आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून विलासी नौकांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. अट ढिली ठेवली, तर मुंबईचा धनिक परदेशी ध्वजाखाली नौका नोंदवील, ती ‘पाहुणी’ म्हणून आणील आणि वर्षानुवर्षे मांडव्याच्या फेऱ्या मारील. हे कर चुकविण्याचे आमंत्रणच ठरेल.

बंदरशुल्काची गोष्ट निराळी. गाळ काढणे, दीप पेटते ठेवणे यांचे ते मोल आहे. तळेगावचा गुलाब मुंबईला नेणारा टेम्पो द्रुतगती मार्गाचा पथकर भरतो. मग कोट्यवधींच्या नौकेलाच धक्का फुकट का?

१६७१ मध्ये बारदेशचे स्वस्त मीठ येऊन संगमेश्वरचे मीठ बुडू लागले, तेव्हा शिवछत्रपतींनी कुडाळकडील अधिकारी नरहरी आनंदराव यांना त्यावर जबर जकात बसविण्याची आज्ञा केली. त्यांनी व्यापार थांबविला नाही. आपल्या मीठवाल्याचे पोट आधी पाहिले.

आज त्याच किनाऱ्यावरचा कोळी काय अनुभवतो? अतिरेकी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून मुंबईपर्यंत आले, त्या २००८ च्या हल्ल्यानंतर त्याला बायोमेट्रिक ओळखपत्र आले, नौकेला ठरावीक रंग आला, नोंदणीची सक्ती आली. त्याने ते सारे निमूटपणे स्वीकारले. परदेशी नौकेच्या मालकाकडूनही तेवढेच मागावे: आगमनाची नोंद, खलाशांची नावे, ठिकाण कळविणारे यंत्र सतत चालू, आणि मुदत उलटताच पूर्ण कर दंडासह.