‘कोडिंग नाही जमलं का?’

मागच्या दिवाळीतली गोष्ट. माझी मावसबहीण पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुसदला आली. सकाळी अंगणात चहा सुरू होता, तेवढ्यात शेजारचे काका आले.

‘काय करून राहिली बाई तू पुण्यात?’

‘सॉफ्टवेअर टेस्टिंग करते काका.’

‘म्हणजे? कोडिंग नाही जमलं का?’

ताई नुसती हसली. नऊ वर्षं झाली तिला या कामात, हा प्रश्न तिला काही नवा नाही. रात्री गच्चीवर मी विचारलं, ‘ताई, राग नाही येत?’ ती म्हणाली, ‘येते ना. पण खरं सांगू का, मी लागली तेव्हा काका म्हणतात तसंच होतं. आता तसं नाही राहिलं. अन् ते घरी कोणाले समजावून सांगता येत नाही.’

म्हणून हा लेख. काकांसाठी नाही, आपल्यासाठी. कारण पुसदला १९८३ पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे, शिवाय बीसीए, बीएस्सीवाले आहेत. दरवर्षी त्यातली कितीतरी पोरं तीच ट्रॅव्हल्स पकडतात. आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात टेस्टिंग म्हणजे प्लॅन बी असतो. डेव्हलपर नाही झालो तर तीन महिन्यांचा कोर्स करू आणि आयटीत शिरू. मागच्या दारानं.

ते मागचं दार आता बंद होत चाललंय, हे आधी नीट समजून घ्या.

यादीतली नोकरी

ताई लागली तेव्हा काम कसं होतं? डेव्हलपर प्रोग्राम लिहायचा. तो ‘तयार’ झाला की टेस्टरकडे यायचा. टेस्टरजवळ एक्सेलची लांबलचक यादी. लॉगिन करा, चुकीचा पासवर्ड टाका, एरर येतो का बघा, पुढच्या रकान्यात ‘पास’ लिहा. नवीन व्हर्जन आलं की तीच यादी पुन्हा पहिल्यापासून. या सगळ्यांच्या वर एक टेस्ट लीड. त्याचं काम म्हणजे कोणी किती केसेस संपवल्या ते मोजायचं आणि संध्याकाळी रिपोर्ट पाठवायचा.

तेच ते क्लिक करण्याचा कंटाळा माणसाला येणारच. २००४ मध्ये थॉटवर्क्स कंपनीतल्या जेसन हगिन्सला तो आला, आणि त्यानं ब्राउझरला आपोआप क्लिक करायला लावणारं टूल लिहिलं. तेच सेलेनियम, जे आज प्रत्येक क्लासच्या जाहिरातीत दिसतं. २०१४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टनं बऱ्याच टीममध्ये डेव्हलपर आणि टेस्टर ही वेगळी पदंच एकत्र करून टाकली. ज्यानं लिहिलं त्यानंच तपासायचं. आणि आता एआय आलंय. टेस्ट केसेसची जी यादी लिहायला ताईला दोन दिवस लागायचे, ती आज काही मिनिटांत समोर येते.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यात मधल्या आणि वरच्या फळीतली माणसं जास्त. त्या दिवशी ताईच्या ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. फक्त रिपोर्ट गोळा करणारा लीड असेल, तर त्याची गरज किती दिवस राहणार?

मशीन म्हणालं पास

मग टेस्टिंग संपलं का? मला तसं वाटत नाही. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं एक छोटा अपडेट पाठवला आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडे विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्यांचे फोटो आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केले.

आता गंमत बघा. तो अपडेट न तपासता गेलेला नव्हता. तपासणाऱ्या प्रोग्रामनं त्याला पास केलं होतं. बग त्या तपासणाऱ्या प्रोग्राममध्येच होता. वर तो अपडेट आधी थोड्या कॉम्प्युटरवर पाठवून बघण्याऐवजी एकदम सगळीकडे गेला.

म्हणजे मशीन ‘पास’ म्हणाल्यावरही कोणीतरी विचारायला हवं होतं, ‘हे चुकलं तर काय होईल? आधी शंभर ठिकाणीच पाठवून बघायचं का?’ हा प्रश्न विचारणं म्हणजे आजचं टेस्टिंग. आणि माझं म्हणणं असं, की तो प्रश्न विचारणारा माणूस हाच त्या टीमचा खरा लीडर. त्याच्या आयकार्डावर काहीही लिहिलेलं असो.

ताईच्या आयकार्डावर ‘लीड’ लिहिलेलं नाही. पण आता ती काम संपल्यावर नाही, सुरू व्हायच्या आधीच मीटिंगमध्ये बसते. कोड लिहिला जायच्या आधी विचारते, पैसे कापले गेले आणि तेवढ्यात नेट गेलं तर? यादीतले क्लिक मशीन करतं, मशीननं काय बघायचं ते ती ठरवते. डेव्हलपरांना त्यांच्याच कोडमधले धोके शोधायला शिकवते. एकदा शुक्रवारी रात्री रिलीज होतं, सगळं हिरवं दिसत होतं. पण एकच व्यवहार दोनदा होऊ शकतो अशी तिला शंका आली. तिनं सगळ्यांना मेल लिहिला, ‘माझ्या मते हे आज जाऊ नये, कारणं खाली दिली आहेत.’ मॅनेजर भडकला. रिलीज सोमवारवर गेलं. शंका खरी निघाली.

‘खोटी निघाली असती तर?’ मी विचारलं.

‘तर बोलणी खाल्ली असती. पण दोनदा पैसे गेलेला माणूस फोन कोणाले करते, हे त्या रूममध्ये कोणी विचारतच नव्हतं.’

गप्प बसलं की काय होतं

कोणीच बोललं नाही तर काय होतं, याचं उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. तिथल्या पोस्ट ऑफिसात १९९९ पासून फुजित्सु कंपनीची ‘होरायझन’ ही हिशेबाची सिस्टीम आली. सिस्टीम चुकीची तूट दाखवायची, आणि ठपका यायचा पोस्ट चालवणाऱ्या साध्या माणसांवर. ९०० हून जास्त लोक दोषी ठरले. सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या बाईंना २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात जावं लागलं. २०२१ मध्ये त्यांची शिक्षा रद्द झाली. सिस्टीममध्ये दोष आहेत हे आत काही जणांना माहीत होतं, हे चौकशीत पुढे आलं. बग सापडले होते. पण सापडणं आणि ठणकावून सांगणं यात फरक असतो, आणि त्या फरकाची किंमत बाहेरच्या माणसांनी मोजली.

पुसदचा फायदा

लीडरशिप हा शब्द पुसदला नवा नाही. वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक, एकाच तालुक्यातल्या गहुलीनं राज्याला दोन मुख्यमंत्री दिले. त्यामुळे लीडर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्टेज, माईक आणि मागे चार गाड्या येतात. मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसून ‘एक मिनिट, एक शंका आहे’ म्हणणारी मुलगी येत नाही.

आणि शंका विचारायची सवय आपल्याला लावतं कोण? वर्गात दुसऱ्यांदा हात वर केला की मागून आवाज येतो, ‘बस न बे, सुट्टी होऊ दे.’ प्रॅक्टिकलच्या फाइली आपण एकमेकांच्या उतरवतो. उत्तर आधीच ठरलेलं असतं. असं चार वर्षं शिकलेला मुलगा एकदम ‘हे चुकीचं आहे’ कसं म्हणेल?

पण आपल्याकडे एक गोष्ट आहे, जी हिंजवडीतल्या एसी रूममध्ये मिळत नाही. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणीचं ॲप आहे. शेतकऱ्यानं शेतात जाऊन पिकाचा फोटो काढून नोंद करायची. असं ॲप तपासायला काय काय सुचायला हवं? शेतात रेंज नाही. कापसात तूर आहे. फोन बाबांचा, चालवतो पोरगा. सातबाऱ्यावर नाव अजून आजोबांचं. आधारवर स्पेलिंग वेगळं. तांड्याचं नाव यादीत सापडत नाही. ही यादी आपल्यापैकी कोणीही चहा पिता पिता सांगेल. हे एआयला विचारलं नाही तर ते स्वतःहून सांगेलच असं नाही. आणि विचारायचं काय, हे त्यालाच कळतं ज्यानं ते जगलंय.

एक अडचण मात्र मान्य करायला हवी. ताईनं पहिली दोन वर्षं एक्सेलची यादी भरत भरतच धंदा शिकला. ती पहिली पायरीच मशीननं घेतली, तर पुसदहून जाणाऱ्या पोरानं चढायचं कुठून? ‘स्वतःला अपग्रेड करा’ एवढं म्हणून कंपन्यांना सुटता येणार नाही. शिकाऊ पोरांना अनुभवी टेस्टरच्या शेजारी बसवावं लागेल. कॉलेजांनीही प्रोजेक्टला मार्क देताना ‘चालतं का’ सोबत ‘कुठे कुठे मोडतं’ हे विचारावं. तेवढ्यानं खूप फरक पडेल.

तोवर आपल्या हातात काय आहे? थोडं कोडिंग शिका, डेटाबेसला प्रश्न विचारायला शिका, ते आता टाळता येणार नाही. पण त्यासोबत रोज वापरता ते एखादं ॲप घ्या आणि मोडून बघा. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, कोणाला त्रास होईल, हे चार ओळींत साध्या भाषेत लिहा. मित्राला वाचायला द्या. त्याला कळलं नाही तर परत लिहा. ताई म्हणते, इंटरव्ह्यूत ती सर्टिफिकेटआधी हेच बघते.

या दिवाळीत ताई परत येईल. काका परत विचारतील. मी या वेळी उत्तर तयार ठेवलंय. ‘काका, कोडिंग जमते तिले. पण चुकलं असं तोंडावर सांगणंही जमते, अन् ते लय कमी लोकांले जमते.’