सागाची जाळी, घाणेरी आणि आपलं रान



भादवा-आश्विनात सागाच्या रोपवनात जाऊन बघा. पानातला हिरवा गर अळीने खाल्लेला, नुसत्या शिरांची जाळी लोंबते. सगळा सागच साग, मग तिला शोधायचं काय काम? झाड मरत नाही, पण वाढ खुंटते.

आपल्या मिश्र रानात सागाच्या बाजूला ऐन, धावडा, मोह, तेंदू. जाळी करणारी ही अळी ऐनावर जगत नाही. पतंगाला अंडी घालायला दुसरा साग शोधावा लागतो. आणि अळीला टिपायला पाखरं, मुंगळे, गांधीलमाशा आहेतच. फवारा कोण मारतो तिथं?

घाणेरी (कुठे टणटणी म्हणतात) इंग्रजांच्या काळात बागेच्या शोभेसाठी आणली. दाट सावलीत ती दबून राहते. रान तोडून ऊन पाडलं की माजते. खाली गवत येत नाही, मोहाचं रोप उठत नाही, गुरांनी खाल्ली तर आजारी पडतात. आणि वर आपल्यालाच म्हणतात, जंगल तुम्ही खराब केलं!

वरून छाटली तर परत फुटते. फळं पिकायच्या आधी कुदळीने गड्ड्याखाली मूळ तोडायचं, झुडूप उलटं टाकून सुकवायचं. पाखरं बी टाकतात, म्हणून दर पावसाळ्यात नवी रोपं उपटायची.

वनहक्क कायदा २००६, कलम ५ प्रमाणे रान राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. मिश्र रान तोडून साग लावायचा कागद आला तर सही नाही, विरोधाचा ठराव करायचा. नियम ४ ची समिती ज्या गावात बसली नाही, त्यांनी येत्या ग्रामसभेत बसवावी. ठरावाची पोच घ्यायला विसरू नका.