बियाण्याची आगगाडी



अमेरिकेतले आयोवा हे मक्याचे राज्य. शेतकी कॉलेजांसाठी सरकारी जमीन देणारा १८६२ चा कायदा सर्वांत आधी स्वीकारला तो त्यानेच. पण कॉलेजातले ज्ञान बांधावर कसे पोचावे? तिथले प्राध्यापक पेरी होल्डन १९०४ साली आगगाडी घेऊनच निघाले. स्टेशनावर गाडी थांबे, शेतकरी डब्यात जमत. सांगणे साधेच: प्रत्येक कणसाचे थोडे दाणे रुजवून पाहा, मगच बी धरा.

आपणही घरचे सोयाबीन पेरण्याआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. ७० हून कमी उगवले, तर एकरी बियाणे वाढवा. फारच कमी उगवले, तर बदला. गोणपाटात कळले तर बियाणे बदलता येते. शेतात कळले तर हंगाम जातो.